‘हे इकडे घेतलं’ म्हणजे नेमकं काय? ऑनलाइन अभ्यासक्रम सगळ्यांना शिकता यावा म्हणून

एक प्रयोग करून पाहा. गणित शिकवणारा एखादा व्हिडिओ लावा आणि पाच मिनिटं डोळे मिटून नुसता ऐका. बहुतेक वेळा असं काहीतरी कानावर पडेल: “आता हे इकडे घेऊ, मग याने भागलं की हे गेलं, आणि राहिलं काय? हे. झालं, आलं उत्तर.” शिकवणाऱ्याचा आवाज स्वच्छ असतो, विषयावर पकड असते, तळमळही असते. पण जे शिकवायचं होतं ते सगळं ‘हे’, ‘इकडे’ आणि ‘याने’ या तीन शब्दांत अडकून बसलेलं असतं. फळा दिसत नसेल तर हाती काहीच लागत नाही.

आता तेच उदाहरण असं ऐका: “पाच क्ष बरोबर दोन क्ष अधिक बारा. उजवीकडचे दोन क्ष डावीकडे घेऊ, चिन्ह बदलेल. पाच क्ष वजा दोन क्ष म्हणजे तीन क्ष. तीन क्ष बरोबर बारा. दोन्ही बाजूंना तीनने भागू. क्ष बरोबर चार.” यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागलं नाही, खर्च आला नाही, वेळही फारसा वाढला नाही. वहीत लिहिण्यासाठी मान खाली घातलेल्या डोळस विद्यार्थ्याचाही धागा आता सुटत नाही.

मी ऑनलाइन धडे तयार करण्याचं काम करते. ‘अपंग विद्यार्थ्यांसाठी सुगम्य करायचंय’ असं म्हटलं की बैठकीतल्या सगळ्यांच्या माना तांत्रिक विभागाकडे वळतात, हे मी अनेकदा पाहिलंय. त्या विभागाचं काम महत्त्वाचं आहेच. पण बहुतेक अडथळे धडा लिहिताना, बोलताना, चित्र निवडताना, चाचणी ठरवताना तयार होतात. म्हणजे शिकवणाऱ्याच्या हातून. आणि तिथेच ते सर्वांत कमी कष्टात टळतात.

हे विद्यार्थी आहेत तरी किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी माणसांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, म्हणजे साधारण दर सहा माणसांत एकाला. यातलं बरंचसं अपंगत्व दिसत नाही. वाचताना अक्षरं गुंतणारा, एका जागी लक्ष टिकवणं जड जाणारा, थोडं कमी ऐकू येणारा विद्यार्थी तुमच्या यादीत नक्की असेल, फक्त त्यानं ते सांगितलेलं नसेल. ‘आमच्याकडे असं कोणी नाही’ या वाक्यावर म्हणूनच माझा विश्वास बसत नाही. ज्या पायऱ्या चढताच येत नाहीत, त्या पायऱ्यांवर कोणी दिसत नाही, यात नवल काय?

या विषयाची जगभर मानली जाणारी नियमावली आहे: वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था ती तयार करते. पहिली आवृत्ती १९९९ ची, दुसरी २००८ ची. त्यात २०१८ आणि २०२३ मध्ये भर पडली. नियम बरेच आहेत, पण सगळे चार प्रश्नांभोवती फिरतात. मजकूर डोळ्यांनी, कानांनी किंवा बोटांनी, कुठल्या तरी वाटेनं पोहोचतो का? पान प्रत्येकाला आपापल्या साधनानं चालवता येतं का? समजतं का? आणि आजच्या-उद्याच्या वेगवेगळ्या उपकरणांवर नीट चालतं का? नियमांच्या ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन पातळ्या आहेत. बहुतेक संस्था डबल ए हे लक्ष्य धरतात.

आधी स्क्रीन रीडर काय करतो ते पाहू, कारण तो कळला की अर्धे नियम आपोआप कळतात. हे संगणकावर किंवा फोनवर चालणारं सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतं किंवा ब्रेल डिस्प्लेवर, म्हणजे बोटांनी वाचायच्या ठिपक्यांच्या उपकरणावर, उमटवतं. एनव्हीडीए हा मोफत मिळतो, जॉज विकत घ्यावा लागतो. ॲपलच्या उपकरणांत व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आधीच असतो. मात्र दृष्टिहीन विद्यार्थी पान पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकत बसतो, ही समजूत चुकीची आहे. डोळस माणूस जसं पानावरून नजर फिरवतो, तसं तो कानानं पान चाळतो. एनव्हीडीएमध्ये ‘एच’ दाबलं की पुढचं शीर्षक, ‘के’ दाबलं की पुढची लिंक. सरावलेले लोक इतक्या वेगात ऐकतात की शेजारी बसलेल्याला शब्द सुटे कळत नाहीत.

आता विचार करा, तुम्ही धड्यातलं शीर्षक नुसतं ठळक आणि मोठं केलंत. डोळ्यांना ते शीर्षक दिसतं. स्क्रीन रीडरला मात्र ते साधं वाक्य आहे, कारण मोठी अक्षरं म्हणजे शीर्षक हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. ‘एच’ दाबून काही सापडत नाही आणि चाळीस परिच्छेदांचा धडा दार-खिडक्या नसलेल्या खोलीसारखा होतो. वर्ड असो वा कोर्सचा एडिटर, ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ अशी शैली निवडायला तितकाच वेळ लागतो. लिंकचंही तेच. पानावर सात ठिकाणी ‘इथे क्लिक करा’ असेल, तर लिंकची यादी काढणाऱ्याला ‘इथे क्लिक करा’ सात वेळा ऐकू येतं. ‘दुसऱ्या आठवड्याचा गृहपाठ’ असं लिहिलं की प्रश्नच मिटतो.

मराठीत अभ्यासक्रम करणाऱ्यांसाठी इथे दोन गोष्टी मुद्दाम सांगते, कारण इंग्रजी मार्गदर्शक पुस्तिकांत त्या सहसा सापडत नाहीत. पहिली, जुन्या फाँटची. युनिकोड म्हणजे प्रत्येक भाषेच्या अक्षरांना संगणकात ठरावीक ओळख देणारी आजची पद्धत. कृतिदेव, शिवाजी यांसारख्या तिच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. स्क्रीन रीडर तीच वाचतो. पूर्ण धडा निरर्थक आवाजांची रांग होऊन कानावर आदळतो. असे धडे युनिकोडमध्ये आणल्याशिवाय बाकीच्या सुधारणांना अर्थ नाही. दुसरी गोष्ट, पानाच्या भाषेची. वेबपानाच्या आत ‘हे पान अमुक भाषेत आहे’ अशी खूण ठेवायची असते. तयार साचा वापरला की ती बहुधा इंग्रजीच राहते. मग मराठी मजकूर इंग्रजी आवाजाकडे सोपवला जाऊ शकतो आणि तो आवाज काही वेळा अडखळतो, काही वेळा चक्क गप्प बसतो. ही खूण बदलणं तांत्रिक माणसाचं मिनिटभराचं काम आहे. मात्र ते कोणीतरी सांगायला हवं.

चित्रांकडे येऊ. प्रत्येक चित्रामागे न दिसणारा पर्यायी मजकूर जोडता येतो. तो नसेल तर स्क्रीन रीडर नुसतं ‘चित्र’ म्हणतो किंवा फाइलचं नाव वाचतो. पण ‘मजकूर जोडा’ एवढं सांगून भागत नाही. लोक ‘पानाची आकृती’ लिहून मोकळे होतात आणि नियम पाळल्याचं समाधान मिळवतात. खरा प्रश्न हा असतो की हे चित्र इथे कशासाठी ठेवलंय. पर्णरंध्र शिकवायला पानाचा छेद दाखवला असेल, तर लिहावं: ‘पानाचा आडवा छेद; खालच्या पृष्ठभागावर दोन रक्षक पेशींमध्ये एक छिद्र, तेच पर्णरंध्र’. तेच पान नुसती शोभा म्हणून कोपऱ्यात असेल, तर पर्यायी मजकूर मुद्दाम रिकामा ठेवावा. स्क्रीन रीडर ते चित्र गाळून पुढे जातो, आणि ऐकणाऱ्याला तेच हवं असतं. आलेख असेल तर एका वाक्यात त्याचा निष्कर्ष आणि खाली आकड्यांचा तक्ता. हा तक्ता बाकीचे विद्यार्थीही वापरतात.

चाचणीतलं चित्र अवघड असतं. ‘हा त्रिकोण कोणत्या प्रकारचा आहे?’ असा प्रश्न असेल आणि पर्यायी मजकुरात ‘काटकोन त्रिकोण’ लिहिलं, तर उत्तरच दिलं. ‘त्रिकोण’ एवढंच लिहिलं, तर प्रश्न सुटणार नाही. ‘३, ४ आणि ५ सेंटिमीटर बाजूंचा त्रिकोण’ असं लिहिलं, तर पाहणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला जवळपास सारखाच विचार करावा लागतो. असा मजकूर विषय शिकवणारी व्यक्तीच लिहू शकते. म्हणूनच तो तांत्रिक विभागाकडे ढकलणं मला पटत नाही.

गणिती सूत्रांचे फोटो चिकटवण्याची सवय सोडायला हवी. मॅथएमएल नावाची पद्धत आहे. तिच्यात लिहिलेलं सूत्र योग्य साधनं असतील तर तुकड्यातुकड्यानं ऐकता येतं, मागेपुढे जाता येतं, ब्रेलमध्ये उमटवता येतं, आणि मोठं केलं तरी फाटत नाही. पुस्तकाची पानं स्कॅन करून केलेल्या पीडीएफचंही तसंच. ती मुळात फोटोंची थप्पी असते. मजकूर ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढून, चुका तपासून मगच ती द्यावी. त्याहून बरं म्हणजे मूळ वर्ड फाइलच द्यावी.

आता कान. व्हिडिओखाली चालणारे शब्द दोन प्रकारचे असतात. एक, भाषा कळत नाही म्हणून दिलेलं भाषांतर. दुसरे कॅप्शन, जे ऐकू येत नाही म्हणून असतात. कॅप्शनमध्ये कोण बोलतंय आणि कोणता महत्त्वाचा आवाज झाला तेही लिहिलं जातं. रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला कॅप्शन हवंच, हा नियमावलीतला अगदी तळाच्या पातळीचा नियम आहे.

यंत्रानं आपोआप केलेली कॅप्शन आता सर्रास मिळतात. पहिला खर्डा म्हणून ती वापरावीत, तशीच प्रसिद्ध मात्र करू नयेत. यंत्र नेमकं तिथेच चुकतं जिथे शिकवणं असतं: पारिभाषिक शब्द, नावं, आकडे, सूत्रं, आणि तोंडातल्या तोंडात म्हटलेला ‘नाही’. ‘हे औषध रिकाम्या पोटी द्यायचं नाही’ यातला शेवटचा शब्द गळला तर परिचारिका होऊ पाहणारी कर्णबधिर विद्यार्थिनी नेमकं उलटं शिकेल. ऐकू येणाऱ्याला चूक लगेच कळते, कारण त्याच्याकडे आवाज आहे. जिच्यासाठी कॅप्शन केलं, तिला ती चूक पकडायला दुसरं साधनच नाही.

आणखी एक गोष्ट मला खूप उशिरा कळली, एका कर्णबधिर विद्यार्थिनीनं सांगितल्यावर. ऐकू येणारा विद्यार्थी एकाच वेळी आलेख पाहतो आणि स्पष्टीकरण ऐकतो. तिला ही दोन्ही कामं डोळ्यांनीच करावी लागतात. मी आलेख दाखवत बोलत राहिले की एक तर कॅप्शन सुटतं, नाहीतर आलेख. तेव्हापासून आकृती दाखवली की मी दोन-तीन सेकंद थांबते. सुरुवातीला ती शांतता अवघडल्यासारखी वाटली. नंतर इतर विद्यार्थीही म्हणाले, आता आकृती बघायला वेळ मिळतो.

कॅप्शन दिलं की संपलं, असंही नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा खुणांची भाषा असते. तिला स्वतःचं व्याकरण आहे, तोंडानं बोलल्या जाणाऱ्या भाषेचा तो हातांनी केलेला तर्जुमा नव्हे. त्यांच्यासाठी लिखित भाषा ही दुसरी भाषा आहे. म्हणून महत्त्वाच्या भागांना खुणांच्या भाषेतला दुभाषी असावा, आणि ऑनलाइन तासाला त्याची खिडकी पडद्यावर कायम दिसेल अशी बसवावी. व्हिडिओसोबत पूर्ण संहिताही, म्हणजे त्यात बोललेलं आणि दिसणारं सगळं लिहून काढलेला मजकूर, द्यावी. ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही, ते ब्रेल डिस्प्लेवर तीच वाचतात. त्यांना व्हिडिओत शिरायची दुसरी वाट नाही.

हे नंतर करू म्हटलं की काय होतं, याचं मोठं उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेचं आहे. तिथली हजारो व्याख्यानं मोफत खुली होती. त्यातली बरीचशी कर्णबधिरांना वापरता येत नाहीत, अशी तक्रार झाली आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागानं विद्यापीठाला तसं कळवलं. सुधारणेचा खर्च पुढे करत २०१७ मध्ये विद्यापीठानं २० हजारांहून जास्त व्याख्यानं सार्वजनिक वापरातून काढून घेतली. जगभरच्या सगळ्याच विद्यार्थ्यांचं नुकसान झालं. शेवटी २०२२ मध्ये न्याय विभागाशी करार होऊन विद्यापीठाला ऑनलाइन सामग्री सुगम्य करण्याची जबाबदारी घ्यावीच लागली. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्यावरही २०१५ मध्ये कॅप्शनवरून दावे झाले आणि काही वर्षांनी तडजोडी झाल्या. पैशाची अडचण खोटी होती असं मी म्हणत नाही. वीस हजार व्याख्यानांची कॅप्शन एकदम करायची म्हणजे डोंगर. तेच एकेका व्याख्यानाच्या वेळी केलं असतं, तर तो डोंगर उभा राहिलाच नसता.

हात थरथरणारे, मणक्याला इजा झालेले, एका बटणानं किंवा तोंडात धरलेल्या काडीनं संगणक चालवणारे अनेक जण माउस वापरत नाहीत. तपासणी सोपी आहे: माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, एंटर, स्पेस आणि बाणांच्या कळांनी एक धडा पूर्ण करा. लॉगिनपासून उत्तर पाठवेपर्यंत. आपण कुठे आहोत ते दाखवणारी चौकट दिसते का? कित्येक साइटवर ती ‘चांगली दिसत नाही’ म्हणून काढून टाकलेली असते. व्हिडिओत शिरलेला टॅब बाहेर येतो का, की तिथेच अडकतो? आवाजानं संगणक चालवणाऱ्याला बटणावर दिसणारं नाव उच्चारावं लागतं, म्हणून बटणाचं दिसणारं आणि आत कोडमध्ये दिलेलं नाव जुळायला हवं.

रंगांबद्दल थोडक्यात. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. वेबसाइटची सुगम्यता तपासणाऱ्या वेबएम या संस्थेनं २०२४ मध्ये दहा लाख वेबसाइटची मुखपृष्ठं तपासली, तेव्हा त्यातल्या ८१ टक्के पानांवर कमी फरकाचा मजकूर सापडला. बरोबर उत्तर हिरवं आणि चूक लाल एवढंच दाखवू नका, शेजारी शब्दही लिहा. आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं काहीही धड्यात ठेवू नका. अपस्माराच्या काही रुग्णांना त्यानं झटका येऊ शकतो.

परीक्षेचा विषय मात्र थोडक्यात आटोपता येणार नाही, कारण इथे झालेला अन्याय गुणपत्रिकेवर कायमचा छापला जातो. वीस मिनिटांत तीस प्रश्न. स्क्रीन रीडरनं प्रश्न आणि चारही पर्याय ऐकणाऱ्याला, अक्षरं जुळवत वाचणाऱ्याला, एकेक कळ सावकाश दाबणाऱ्याला तोच वेळ. या परीक्षेत आपण काय मोजतोय, हे प्रामाणिकपणे विचारावं. टंकलेखनाची किंवा तातडीच्या उपचारांची परीक्षा असेल तर वेग हा विषयाचाच भाग आहे. इतिहासाच्या परीक्षेत तो कुठून आला? बहुतेक प्रणालींत एखाद्या विद्यार्थ्याला दीडपट किंवा दुप्पट वेळ देण्याची सोय असते. ती वापरावी. त्याहून चांगलं म्हणजे सगळ्यांनाच ऐसपैस वेळ द्यावा, म्हणजे कोणाला अर्ज-विनंत्या करत आपलं दुखणं सिद्ध करावं लागत नाही.

‘ओढून योग्य जागी टाका’ असे प्रश्न आकर्षक दिसतात, पण कीबोर्डवर बहुधा चालत नाहीत. २०२३ च्या नियमांनुसार ओढण्याला साध्या क्लिकचा पर्याय हवा. कॅमेऱ्यानं लक्ष ठेवणाऱ्या परीक्षांची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. पडद्याकडे न पाहणारा दृष्टिहीन विद्यार्थी, मान किंवा हात आपोआप हलणारी विद्यार्थिनी, प्रश्न मोठ्यानं वाचल्याशिवाय न समजणारा मुलगा, हे सगळे यंत्राला संशयास्पद वाटू शकतात. नंतर माणसानं तपासून त्यांना निर्दोष ठरवलं, तरी परीक्षेच्या मधोमध ‘संशयास्पद हालचाल’ असा इशारा झळकलेला असतो. त्या धक्क्यानंतर पुढचा पेपर कसा लिहायचा?

लक्ष टिकवणं किंवा आठवणीत ठेवणं अवघड जाणाऱ्यांसाठी धड्यांची ठेवण सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक आठवड्याचं पान एकाच साच्यात, सूचना छोट्या वाक्यांत, व्हिडिओ लहान तुकड्यांत, आणि मदतीचा दुवा प्रत्येक पानावर एकाच जागी. हे लिहायला दोन ओळी लागतात. पाळायला शिस्त लागते.

तपासणीसाठी स्वयंचलित साधनं आहेत आणि ती वापरावीत. पण चित्राला पर्यायी मजकूर आहे की नाही एवढं ती ठामपणे सांगू शकतात. तो योग्य आहे का, हे माणसालाच ठरवावं लागतं. ‘कोडची एक ओळ जोडा, साइट सुगम्य होईल’ असं आश्वासन देणाऱ्या, साइटवर वरून बसवायच्या तयार सॉफ्टवेअरपासून मात्र दूर राहा. २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं असे फसवे दावे केल्याबद्दल एका कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले. तोच पैसा स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या दोन-तीन माणसांना मानधन देऊन धडा तपासून घेण्यात घालावा. पहिल्या अर्ध्या तासात ते जे दाखवतात, ते शंभर नियम वाचूनही लक्षात येत नाही.

जुने धडे ढीगभर असतील तर सुरुवात कुठून करावी, असं मला नेहमी विचारतात. मी सांगते: आजपासून बनणारा प्रत्येक नवा धडा नीट करा. जुन्यांपैकी आधी नोंदणीचं पान आणि परीक्षा घ्या, कारण तिथे अडलेला विद्यार्थी पुढचं काही पाहूच शकत नाही. मग सर्वांत जास्त पाहिले जाणारे पाच व्हिडिओ घ्या. आणि अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहा: ‘इथलं काही तुम्हाला वाचता, ऐकता किंवा वापरता येत नसेल तर कळवा’. खाली एका माणसाचं नाव आणि ईमेल द्या, आणि त्या ईमेलला दोन दिवसांत उत्तर जाईल याची जबाबदारी त्याच माणसावर ठेवा.